रुपरावांचा कूलर आणि आमची खोली

रुपराव हे नागपुरात कूलर तयार करतात. त्यांचा कारखाना धंतोलीपासून जवळ आहे. पत्रा कापणे, मोटर बसवणे, कूलरच्या बाजूंच्या ताट्यांत वाळा भरणे ही सर्व कामे ते आजही स्वतः करतात. ते मनाने चांगले मनुष्य आहेत, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी रागाने लिहिणार आहे.

आमची संस्था सिकलसेलच्या रुग्णांसाठी आहे. या आजारात रक्तातील पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त अडते आणि हाडांत अशा कळा येतात की धडधाकट दिसणारे माणूससुद्धा उभे राहू शकत नाही. माझी मुलगी नंदिनी हिला हा आजार जन्मापासून आहे. बाहेरगावचे रुग्ण धंतोलीच्या दवाखान्यांत तपासणीसाठी येतात, परंतु दुपारी आडवे होण्यास त्यांना जागा नसते. रुपरावांनी कारखान्यामागची खोली संस्थेला दिली. खाटा दिल्या, माठ दिला. तेथील देखरेख मी आणि नंदिनी करतो. ही खोली गेली तर आमचे रुग्ण दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसतील. म्हणून मी पुष्कळ काळ तोंड बंद ठेवले.

मे महिना लागताच रुपरावांनी आपला सर्वांत मोठा कूलर खोलीत आणून बसवला. आमच्या रुग्णांना उन्हाचा त्रास होतो हे खरे आहे. परंतु अंगावर एकदम गार वारा आला तरीही कळा सुरू होतात. नंदिनीने त्यांना ते समजावून सांगितले.

"काका, थोडा हळू ठेवा ना."

"हळू? अवं पोरी, नागपुरात कोनी कूलर हळू करते काय? लोक म्हनतीन, रुपरावच्या मोटरमध्ये दमच नाही!"

त्यांच्या कारखान्यात कूलरची परीक्षा ठरलेली आहे. समोरच्या भिंतीवरील कॅलेंडर फडफडले तरच तो कूलर विकण्यास बाहेर जातो. तीच परीक्षा त्यांनी आमच्या खोलीला लावली. आम्ही कूलर हळू करावा आणि त्यांनी येऊन पुन्हा जोरात करावा, असे रोज चालले. शेवटी त्यांनी कूलरचे बटणच काढून नेले. मी समोर चादर बांधली, तर ते रागावले.

"मावशी, माह्या कूलरले घुंगट काहून घातला?"

एके दिवशी उमरेडची प्रेमलता तपासणीसाठी आली. ती उन्हातून आलेली पाहून रुपरावांना दया आली. मी माठ भरण्यास गेले असताना त्यांनी चादर सोडली व तिची खाट कूलरच्या तोंडाशी ओढली. तिला डुलकी लागली. मी परतले तेव्हा ती गुडघे धरून ओरडत होती. रुपरावांनी स्वतः तिला कूलर पोहोचवण्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेले. तेथे डॉक्टरांनी नंदिनीचेच शब्द त्यांना ऐकवले. मला वाटले, आता तरी समजले असेल.

दुसऱ्या दिवशी ते दुलया घेऊन आले.

"घ्या. आता कोनालेच गारठा नाही लागनार."

मे महिन्यात, नागपुरात, दुलया! रुग्ण आत घामाने भिजत होते आणि वर कूलरचे वादळ तसेच चालू होते. मग मात्र मला राहवले नाही.

"रुपरावभाऊ, खोली तुमची हाये, पन दुखनं आमचं हाये. कूलरचं तोंड फिरवा, नाही तं आमी आजच खाटा रिकाम्या करतो."

"मंग जासान कुठं?"

"दवाखान्याच्या पायऱ्यावर. तिथं ऊन लागते, पन कोनी आमच्यावर कूलर नाही सोडत."

बाहेर पत्रा कापणारे कामगार हसले. रुपराव हसले नाहीत. ते निघून गेले. नंदिनीने औषधांची पेटी बांधली. मी आमची खोली घालवली, असे मला वाटले.

सकाळी आम्ही पेटी नेण्यास गेलो तेव्हा आत ठोकाठोक चालली होती. रुपराव स्टुलावर उभे होते. कूलरच्या तोंडाला त्यांनी पत्र्याचे वाकडे नळकांडे बसवले होते, ज्यामुळे सर्व वारा छताकडे जात होता. बटणही जागेवर होते.

"हे तुमच्या म्हनन्यानं नाही केलं," ते वरूनच म्हणाले. "माह्या डोक्यात पयलेपासून होतं."

मी वाद घातला नाही. बांधलेली पेटी पुन्हा सोडली.

प्रेमलता बरी होऊन पुढच्या तपासणीला आली. दुलई न घेता ती दुपारभर शांत झोपली. ती उठली तेव्हा रुपराव दारातच होते.

"का वं, हवा लागून राहिली ना?"

"नाही जी काका. बिलकुल नाही लागली."

आम्हाला हेच हवे होते. परंतु गिऱ्हाइकाने कूलर परत आणून टाकावा तसा रुपरावांचा चेहरा पडला. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही. ते नळकांड्याकडे पाहत राहिले.

"मावशी, जरासंच खाली वाकवू काय?"

"नाही," मी म्हटले.