दोन कॅमेरे आणि बर्फाचा नाला

रिटायर झाल्यापासून मी सुलतानपुरात जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करतो. कोणता घ्यावा, असं गिऱ्हाईक विचारतं. इलेक्ट्रॉनिक शटरच्या जपानी मॉडेलला भाव जास्त आहे, फोटोही सुरेख येतात. पण बॅटरी गेली की शटर उघडत नाही. जुनं रशियन मॉडेल जड, ओबडधोबड. त्याला बॅटरी लागतच नाही. हा फरक मी उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर शिकलो.

मी तेव्हा फौजेत नायक होतो. माझ्याकडे जपानी. लान्स नायक भास्कर आमच्याच भागातल्या बीबी गावचा, त्याच्याकडे रशियन. रोज वाद चाले.

"तुहं धूड इकून टाक बे."

"धूड हाय, पण दगा देत नाही."

बंकर आणि निरीक्षण चौकीच्या मध्ये बर्फाचा नाला होता. ऊन चढलं की वरचा बर्फ सुटतो, म्हणून दहानंतर तो ओलांडायला मनाई होती. त्या दिवशी आठ वाजता आम्ही दोघं चौकीवर पोहोचलो. दहाला रेडिओवर आलं, "क्रॉसिंग क्लोज. ओव्हर." मीच "रॉजर" दिला.

भास्करला बायकोसाठी फोटो काढायचा होता. वरच्या पोस्टची डाक घेऊन चौकीच्याच बाजूनं खाली जाणारी पार्टी अकराला चौकीवर येणार होती. तिच्याबरोबर रोल पाठवायचा होता. मी बटण दाबलं. शटर पडलं नाही. थंडीत जादा बॅटऱ्या छातीशी ठेवायच्या असतात. माझ्या पाठीवरच्या पिठ्ठूत होत्या. त्याही गारठल्या होत्या.

भास्कर हसला. "तुह्या जपानी साहेबाले थंडी वाजून राह्यली. थांब, माह्यावाला आणतो बंकरातून."

मी घड्याळ पाहिलं. दहा वीस. मी सीनियर होतो. नको जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण हरल्याचा राग आला होता.

"जा, आण. पाहू तुहावाला."

तो नाल्याच्या मधोमध असताना बर्फ सुटला. आवाज फार झाला नाही. बंकरातल्या जवानांना तो दुपारी दोन चाळीसला सापडला.

पार्थिवासोबत बीबीला मीच आलो. त्याच्या वडिलांनी विचारलं, "काऊन गेला थो तिकडं?"

"ड्युटी होती, काका."

"हुकूम होता ना?"

"हाव."

"मंग ठीक हाय."

रिपोर्टमध्येही मी ड्युटीवर गेला एवढंच सांगितलं, कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. काका मरेपर्यंत गावात अभिमानानं सांगत राहिले, पोरगा हुकमावर गेला.

दर वर्षी मी त्या घरी जातो. भास्करची पत्नी मला बसायला खुर्ची देते. या वेळी हे सगळं लिहिलेला हा कागद तिच्या हातात देणार आहे. वहिनी, हुकूम नव्हता. माझा कॅमेरा बंद पडला म्हणून भास्कर निघाला, आणि मी त्याला जा म्हणालो.