घरटी एक माणूस

“आत जाणारे बघू नका. बाहेर येणारे बघा.”

सर असं म्हणायचे आणि हातातली मिटलेली छत्री कंपनीच्या गेटकडे रोखायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहावीतली पोरं घेऊन ते गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे उभे राहायचे. पहिली शिफ्ट सुटेपर्यंत आम्हाला शेंगदाणे. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा बाहेर यायचा.

“चेहरे बघा. पगार नंतर विचारा. यातलं कोण व्हायला आवडेल?”

“सर, तो स्कूटरवाला!”

“अरे, ती साहेबाची स्कूटर आहे. तो पंक्चर काढायला चाललाय.” आम्ही हसायचो. सर मात्र गंभीर. “पण चेहरा बघ त्याचा. साहेबापेक्षा बरा आहे.”

आकुर्डीच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. पुण्याला जाऊन व्यवसाय-मार्गदर्शनाचा एक छोटा कोर्स करून आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी नकाशांच्या खोलीत त्यांना एक टेबल दिलं आणि सांगितलं, आता पोरांना वाटेला लावा. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. मार्क विचारतात आणि आयटीआय किंवा डीएड, दोनातलं एक सांगून मोकळे होतात. हे तसले नव्हते. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “सकाळी उठल्यावर घरात तू काय करतोस?”

मी सांगितलं, नळावर भांडते.

“कोणासाठी?”

“आख्ख्या चाळीसाठी.”

“मग वकील हो, बाई. भांडण फुकट घालवू नकोस.” वकील मी झाले नाही. जमीन गेलेल्यांच्या समितीसाठी पत्रकं लिहिते. भांडण फुकटच आहे, पण चालू आहे.

आता दत्ताचं सांगते, कारण सरांचं सांगायचं तर दत्ताला टाळता येत नाही.

दत्ता आमच्या वर्गात. थेरगावचा, शाळेत उशिरा घातलेला, त्यामुळे दहावीतच अठरा पूर्ण. गणितात असा की सर त्याला फळ्यापाशी बोलावून स्वतः बाकावर बसायचे. नदीपलीकडची त्यांची जमीन कंपनीत गेली होती. बदल्यात कबुली होती घरटी एका माणसाला नोकरीची. दत्ताच्या घरातून दत्ताच जाणार होता. आबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं वय सरलं होतं आणि दुसरा मुलगा नव्हता.

सर त्यांच्या घरी गेले. एकदा नाही, अनेकदा. एका खेपेला मीही होते.

“सर, जमीन गेली ती गेली,” आबा म्हणाले. “आता ही जागा तरी घिऊ द्या की.”

“आबा, जागा कुठं पळत नाही. याला इंजिनिअर होऊ द्या. त्याच कंपनीत खुर्चीवर बसेल.”

“आन् न्हाई बसला तर?”

“तर तुमची जागा आहेच. मी साहेबांना विचारून आलोय.”

खरंच आले होते. लेबर ऑफिसरनं त्यांना समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, शिकू द्या मुलाला, जागा राहील. सर हरखून शाळेत आले. “चहा दिला हो! बशीत बिस्किटं होती. नाही म्हणायचं असतं तर माणूस बिस्किटं देतो का?”

आमच्याकडे हे असंच चालतं. ज्यानं घरात घेऊन पाणी विचारलं, त्यानं शब्द दिला असं आपण धरतो. जमीन घेताना कंपनीला सातबारा लागतो, सही लागते, अंगठा लागतो. नोकरी द्यायच्या वेळी मात्र शब्द पुरतो! कोणाला पुरतो? आपल्याला. आणि साहेबाला, तो वाऱ्यावर सोडायला.

दत्ता अकरावी सायन्सला गेला. सगळं इंग्रजीत. गणित कळायचं, गणिताभोवतीचे शब्द कळायचे नाहीत. पहिल्याच वर्षी नापास झाला. गेटवर गेला तर कळलं, मुदतीत जे आले नाहीत ते नोकरीला राजी नाहीत, असं कंपनीनं धरलंय. मग तो त्याच कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला. स्वतःच्या बापाच्या रानात झाडू मारायला. तेही तुकड्या-तुकड्यानं. काम थांबलं की घरी. एकदा असाच घरी आला, भाकरी खाल्ली, ‘येतो’ म्हणाला आणि गेला. आजवर आलेला नाही.

त्यानंतर नकाशांच्या खोलीतल्या त्या टेबलावर सर बसेनात. कोणी विचारलं, “सर, पुढं काय करू?” तर म्हणायचे, “घरी विचार.” एवढंच. मुलं हिरमुसून जायची. मी एकदा खडसावलं, “सर, चोर तो साहेब. तुम्ही का तोंड लपवता?”

“साहेबाला दत्ताचं नाव ठाऊक नव्हतं गं,” ते म्हणाले. “मला होतं.”

समितीनं मोर्चा काढला तेव्हा ते आले. शाळेच्या संस्थेनं नोकरीवरून काढायची धमकी दिली होती, तरी आले. आत बैठकीत तो ऑफिसर म्हणाला, “मी असं बोललोच नाही.”

“बोललात. चहा पिताना बोललात.”

दोघेतिघे हसले. सर थांबले, हसणं संपू दिलं. मग म्हणाले, “पोरानं माझ्या शब्दावर जागा सोडली. शिक्षा मला करा. जागा त्याची द्या.”

बाहेर शेकडो माणसं घोषणा देत होती, म्हणून असेल, साहेब नरमला. मुलगा स्वतः हजर झाला तर घेऊ, दिवाळी संपेपर्यंत. दुसऱ्या कोणाला मिळणार नाही.

त्या दिवशी सर कितीतरी काळानं मोकळे हसले. “सापडेल तो. गणित येणारा मुलगा किती दिवस लपणार?”

कोणी सांगितलं, कोल्हापूरकडे एका फाउंड्रीत दिसला. सर गेले, आले. कोणी म्हणालं नाशिक. तिकडेही गेले. एकटा माणूस, भाड्याची खोली, अडवणारं कोणी नाही. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरची एसटी धरली. सुट्टी संपली, शाळा भरली, सर आले नाहीत. आम्ही सोलापूरला माणसं पाठवली, गिरण्यांत विचारलं, पोलिसांत सांगितलं. शाळेनं दुसरा मास्तर नेमला. तो मार्क विचारतो.

पत्रकात मी कंपनीला जाब विचारते आणि विचारत राहणार. पण थेरगावच्या त्या घरात गेले की माझी भाषा अडते. आबा पूर्वी दारातच विचारायचे, “दत्ता दिसला का?” हल्ली विचारतात, “सर दिसले का?” गेल्या आठवड्यात विचारलंही नाही. मी निघाले तशी चप्पल न घालताच ते रस्त्यापर्यंत मागे आले.

“पोरी, तू गावोगाव हिंडतीस. त्यास्नी भेटलीस तर सांग. मुदत सरली म्हनून भिऊ नगा. जागा न्हाई मिळाली तरी चालंल. दोघं बी घरी या म्हनावं.”