टपाल आधी माझ्या टेबलावर

सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं मी नागपूरला लागून असलेल्या एका लहान नगरपालिकेत आवक-जावक कारकून होते. नागपुरात सक्करदऱ्याला घर होतं, तिथून बसनं जायचे. त्या कार्यालयात कारकुनाच्या खुर्चीत बसलेली मी पहिलीच बाई, आणि आमच्या घरातलीही नोकरीवाली पहिली. वडील गिरणीत होते. त्यांनी मला एकच सांगितलं होतं, की सही करशील तर वाचून कर.

काम सोपं होतं. आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला नोंद करायची आणि ज्याच्या कामाचं असेल त्याच्याकडे पाठवायचं. पण नवे नगराध्यक्ष निवडून आले आणि हे सोपं काम बिघडलं. त्यांचं म्हणणं, नगरपालिकेचं टपाल आधी त्यांच्यासमोर उघडावं. मुख्याधिकारी सरकारनं नेमलेले, पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं, पत्रव्यवहार हे प्रशासनाचं काम, अध्यक्षांनी त्यात हात घालू नये. दोघांनीही आपापला शिपाई फाटकावर उभा केला. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत जो पुढे होई तो गठ्ठा घेऊन पळे. माझ्याकडे पत्रं यायची ती फोडलेली, तीन-चार दिवस शिळी. काही यायचीच नाहीत.

मग कलेक्टर कचेरीतून स्मरणपत्रं येऊ लागली. मूळ पत्र मी पाहिलेलंच नसे. मुख्याधिकाऱ्यांनी मला मेमो दिला, पत्रं गहाळ केल्याबद्दल. मी घरी जाऊन रडले नाही. टाइपरायटरपुढे बसून तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: ‘जे पत्र माझ्या टेबलावर आलेच नाही, त्याची जबाबदारी मी घेणार नाही.’ खाली सही केली आणि त्यांच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

त्याच आठवड्यात पोस्टमन रिकाम्या हातानं आला. म्हणाला, ‘‘बाई, डाक बंद झाली तुमची. पोस्टमास्तर साहेबानं रोखून ठेवली.’’

झालं असं, की अध्यक्ष आणि मुख्याधिकारी, दोघांनीही पोस्टाला चिठ्ठी पाठवली होती. टपाल फक्त माझ्याच माणसाकडे द्या. मी दुपारी पोस्टात गेले. पोस्टमास्तर निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या.

‘‘दोघंही एकाच हापिसाचे. मी कोनाचं आयकू? दोघं मिळून एक कागद लिहून द्या, नाहीतर वरून हुकूम आना. तोवर तुमची डाक माझ्या आलमारीत.’’

‘‘पाण्याच्या तपासणीचा कागद आला असेल त्यात,’’ मी म्हटलं.

‘‘असंलही. मले लिफाफा फोडता येत नाही ना, बाई.’’

तो माणूस बरोबर होता, त्यामुळे त्याच्याशी भांडता येईना.

पाण्याचं मी उगाच बोलले नव्हते. नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई रोज कार्यालयात येत होती. त्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन घरोघरी हगवण लागली होती. पाण्याचा नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला होता, आणि अहवाल येईपर्यंत विहीर बंद करायला कुणी तयार नव्हतं, कारण दुसरं पाणी लांब होतं. ती दारात उभी राहून विचारायची, ‘‘आला का वं बाई कागद?’’ पाचव्या दिवशी ती दारातून आत येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. तिच्या कडेवरची नात मान टाकून निजली होती.

मी कागद घेतला आणि चार ओळी टाइप केल्या. कार्यालयाच्या नावाचं टपाल आवक-जावक कारकुनाकडे द्यावं. ते रोज अकरा वाजता, दोघांचे शिपाई हजर असताना, उघडलं जाईल. व्यक्तीच्या नावाचा लिफाफा न फोडता त्या व्यक्तीला मिळेल.

आधी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी वाचून कागद बाजूला सारला.

‘‘लोकायनं निवडून देल्लं मले. माह्या गावची डाक मी काहून पाहू नये?’’

‘‘पाहा ना भाऊ. नंबर पडला की पाहा.’’

‘‘साहेबाच्या आधी?’’

‘‘दोघांच्याही आधी मी. मग तुम्ही दोघं एकाच दिवशी.’’

ते हसले. मग मी त्यांना विहिरीचं सांगितलं आणि ती बाई बाहेर बाकावर बसली आहे हेही सांगितलं. ते उठून दारापर्यंत गेले, तिला पाहिलं, परत येऊन खुर्चीत बसले. ती त्यांना मत देणाऱ्या वस्तीतली होती, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मतांचा हिशेब नव्हता. एवढं मी आजही सांगू शकते.

‘‘मी सही करतो. पन माही सही वर पाहिजे.’’

मुख्याधिकाऱ्यांनीही मसुदा मान्य केला, एक शब्दही बदलला नाही. फक्त म्हणाले, ‘‘कार्यालयप्रमुख मी आहे. माझी सही वर असेल.’’

मी जागेवर आले, दुसरा कागद चढवला आणि तोच मजकूर पुन्हा टाइप केला. एका प्रतीवर अध्यक्षांची सही वर, दुसरीवर मुख्याधिकाऱ्यांची. दोघांनाही दोन्ही प्रती दाखवल्या, लपवलं काहीच नाही. अध्यक्षांनी दोन्हींवर सही केली, मुख्याधिकारीही करून मोकळे झाले. पोस्टमास्तरांनी प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ‘‘दोन्हीही ठेवतो मी,’’ म्हणाले आणि आलमारीची किल्ली काढली.

दुसऱ्या दिवशी अकराला माझ्या टेबलाभोवती दोन शिपाई आणि मागे निम्मं कार्यालय. सातवा लिफाफा प्रयोगशाळेचा निघाला. पाणी पिण्यास अयोग्य. शिक्का मारला, नंबर टाकला आणि मी स्वतःच तो कागद घेऊन उठले. तासाभरात मुख्याधिकाऱ्यांनी टँकरचा आदेश काढला. अध्यक्ष ब्लिचिंग पावडरची पोती घेऊन वस्तीत गेले आणि विहिरीच्या काठावर उभे राहून लोकांना समजावत राहिले. लोकांनी त्यांचं ऐकलं. साहेबांचा नुसता आदेश गेला असता तर कुणी विहिरीचा दोर हातातून सोडला नसता, आणि अध्यक्ष नुसते बोलले असते तर टँकर आला नसता. हे दोघांनाही कळलं असावं, कारण त्यानंतर टपालावरून तक्रार झाली नाही.

मेमोचं मात्र मी सोडलं नाही. मुख्याधिकारी म्हणाले, ‘‘झालं ना आता, बाई.’’ मी म्हटलं, ‘‘सर, दिला लेखी होता.’’ दोन दिवसांनी तो रद्द केल्याचा कागद आला.

वस्तीतली बाई पुढच्या महिन्यात पुन्हा आली. नात सोबत चालत होती. या वेळी तिच्या हातात वस्तीत नळ मिळावा म्हणून अर्ज होता, खाली पस्तीसेक अंगठे. मी पोच लिहून दिली. नळ यायला पुढे दोन उन्हाळे गेले.