वरवंट्याची कुंची

आमचं सिरसाळ्यात किराणा दुकान. सारा जन्म मी गल्ल्यावर बसून काढला. अंगात आलेल्या बायांना चहा पाजून घरी धाडणारी मी, मला भुताखेताचं कोणी काय सांगावं. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलं… म्हणून लिहायला बसले.

माझी लेक मनीषा. तिचं दुसरं बाळही पोटातच गेलं. सिझर करून काढलं, मग मी तिला माहेरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळेआधी दोन्ही घराण्यांत कुणाला असं झालंय का, ते विचारून या." तिच्या सासरचे म्हणाले, आमच्यात असलं काही नाही. राहिलं आमचं घर. माझ्या सासूबाई तर कधीच वारल्या — आणि हयातीत त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नव्हता.

मनीषाला झोप लागली तशी मी बाहेरून कुलूप घालून जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बघायला ग्रामपंचायतीत गेले. तिथला बाबू ओळखीचा.

"आज्जी, जित्तं जल्मलं तर जल्मात लिवायचे, नंतर गेलं तर मृत्यूत. जे मेलेलंच आलं, त्याला तवा कोन लिवतंय? आता लिवतेत."

"मंग शोधावं कुटं?"

"एकांद्या म्हाताऱ्या मानसाला इचारा."

"आरं, आमच्या गल्लीत म्हातारी मीच उरले."

तो हसला, मीही हसले. कुलूप काढून घरात आले तर मनीषा कुशीवर झोपलेली, आणि तिच्या पोटाशी हिरव्या खणाची कुंची घातलेलं गाठोडं. कुणाचं तरी लेकरू! खरं सांगते, क्षणभर मला आनंदच झाला.

हात लावला… तर वरवंटा. सासूबाईंचा, मागं न्हाणीपाशी पडून असायचा तो. मनीषा जागी झाली, म्हणाली, "आई, हे इथं कुणी ठेवलं गं?" पोटाला ताजे टाके, तिला पाण्याची कळशी उचलवत नव्हती. घरात दुसरं कोणी नाही. कुंची ओलसर होती आणि तिला रानाच्या काळ्या मातीचा वास येत होता.

बारशाला आपण वरवंट्याला कुंची घालून बाळाशेजारी पाळण्यात निजवतो, तुम्हाला माहीतच आहे. पण आमच्या घरी प्रत्येक बारशाला सासूबाई शेजारणीचा वरवंटा मागून आणायच्या. आम्ही सुना मागं हसायचो — घरचा असून म्हातारीला दुसऱ्याचा लागतो.

दुसऱ्या दिवशी कुंची पिशवीत घालून दिंद्रुडला गेले. तिथं माझ्या चुलत सासूबाई राहतात, आम्ही त्यांना काकी म्हणतो. नजर गेलेली, पण जीभ शाबूत. "कावून आलीस गं, मेले का न्हाई बघाया?" मी कुंची त्यांच्या हातात दिली. त्या शिवण चाचपत राहिल्या. बोटं थांबली.

"कुटं गावली तुला?"

"काकी, कुनाची हाय ही?"

"टाका माजा हाय. तुज्या सासूच्या पयल्या लेकरासाटी शिवलती मी. तुज्या नवऱ्याच्या आदीचं. लेकरू मेलेलंच आलं. तिला तोंड बी दावलं न्हाई. कूस मोकळी ठिऊ न्हाई म्हनून सुईनीनं वरवंटा गुंडाळून दिला, तर चार रोज सोडंना ती त्याला. लई रडायची."

"आन् कुंची?"

"ती तर लेकराच्या डोक्याला बांदलती. बांधावर पुरलं गं त्याला. माज्या डोळ्यादेखत माती लोटली."

कुंची त्यांनी माझ्या मांडीवर टाकली. परत हातात घेतली नाही.

डॉक्टरीणबाईंना एवढंच सांगितलं, की हो, आमच्या घरात होतं. कसं कळलं ते सांगितलं नाही. तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली.

कुंची होती तिथं परत पुरावी म्हटलं, तर तो बांध रस्त्याच्या कामात गेला. कितीदा धुतली, तरी पाणी काळंच निघतं. कुलूपबंद घरात तो दगड कुणी उचलला, कुंची वर कशी आली — काही उमगलं नाही, आता उमगेल असंही वाटत नाही.

मनीषाला पुन्हा दिवस गेलेत, सध्या सातवा चालू आहे. ती म्हणते, या खेपेला शेजारचा वरवंटा आणायचा नाही, आपलाच घ्यायचा. मी बरं म्हणाले. बारसं होईल का, तेवढं सांगणारं मात्र कुणी नाही.