मंचुरियनवर दुधीचा रस

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना दोन गोष्टींची गोडी लागली: लालभडक मंचुरियन आणि आरोग्य. दोन्ही एकाच पोटात कशी नांदवायची, याचा शोध मुलुंडच्या बागेत लागला. तिथे रोज सकाळी चार निवृत्त गृहस्थ एक फेरी चालून तासभर बाकावर बसत. त्यांतले एक हे.

सिद्धान्त सोपा होता. खाण्यातले रंग, टिकवायच्या पावडरी, चव वाढवणारी रसायनं, हे सगळं भाजीचा अर्क धुऊन काढतो. म्हणजे अर्क घेणाऱ्याने काय खावं, हा प्रश्नच उरत नाही. मंचुरियन खाल्लं की दुधी, पाकिटातलं सूप प्यायलं की बीट, केकवरचं हिरवं क्रीम खाल्लं की पालक. हिरव्याने हिरवं कसं निघतं, असं मी एकदा विचारलं.

"अगं, काट्याने काटा काढतात ना!"

पूर्वी लोक पथ्य पाळायचे, ते चौघे मात्र पापं करून प्रायश्चित्त मिक्सरमध्ये फिरवायचे. शेजवान चटणीची बाटली संपू लागली की ह्यांचा भाजी आणायचा उत्साह वाढे. मिक्सर सुरू झाला की मी पुस्तक घेऊन गॅलरीत बसे. चाळीस वर्षांत सकाळी स्वयंपाकघर पहिल्यांदाच माझ्या हातून सुटलं होतं, त्यामुळे तक्रार नव्हती.

दुधी, काकडी, दोडका चिरण्याआधी देठाकडची चकती जिभेला लावून बघायची आणि कडू लागली तर अख्खं फळ फेकायचं, हे मला आईने शिकवलं. का, ते तिनेही सांगितलं नाही. माझ्या दिराला किंवा ह्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मुलगे कशाला दुधी चिरतील? आणि बाकावरच्या विद्यापीठात तर जितकं कडू तितकं गुणकारी, असंच शिकवत.

चौघांतल्या एकाने इमारतीच्या गच्चीवर दुधीचा वेल लावला होता. खत नाही, औषध नाही. वेलाचं पहिलं फळ त्याने मानाने ह्यांना दिलं. आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाला भरपूर मंचुरियन झालं होतं.

सकाळी आतून आवाज आला, "अगं, आज रस कडूजहर झालाय गं."

माझं पान अर्धं वाचून झालं होतं. मी मान वर न करता म्हटलं, "मग कालचं मंचुरियन घाबरून पळेल. प्या."

हे हसले. "तुला ठेवू का थोडा?"

"नको. मी काल वरण-भात खाल्लाय, माझं काही पाप नाही."

त्यांनी पूर्ण ग्लास प्यायला. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत उलटीतून रक्त. इस्पितळात मी डॉक्टरांना आदल्या दिवसाच्या सगळ्या रंगांची यादी दिली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "सकाळी काय घेतलं? दुधीचा रस? कडू होता?"

मी हो म्हटलं.

"कडू दुधी विषारी असतो. त्यावर उतारा नसतो, आपण फक्त शरीर सांभाळून धरायचं."

तिसऱ्या दिवशी ते सांभाळलं गेलं नाही.

बाकावरची मंडळी भेटायला आली. मंचुरियनने घात केला, यावर त्यांचं एकमत होतं. "त्या दिवशी डबल डोस घ्यायला हवा होता, यार," एकजण म्हणाला. डॉक्टर काय म्हणाले, ते मी सांगितलं नाही. दोष मंचुरियनकडे गेला की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी वेलवाले एकटेच आले, हातात हिरवी बाटली.

"वहिनी, वेलाला दुसरा दुधी धरला. बाटल्या भरून बागेत ठेवून आलोय. मी गेल्याशिवाय कुणी घेणार नाही. म्हटलं पहिला मान तुमचा. अशक्तपणा आलाय तुम्हाला."

"कडू आहे?"

"कडू म्हणजे! एक थेंब चाटला, झकास औषध."

"बागेत फोन लावा. कुणी तोंडाला लावू नका म्हणावं."

"वहिनी, तुम्ही जरा दुःखात आहात, म्हणून..."

"मंचुरियनने नाही गेले ते. तुमच्या वेलाच्या दुधीने गेले. रस कडू आहे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. आणि मी प्या म्हटलं."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. बाटली कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, शेवटी पायाशी ठेवली. मग त्यांनी बागेत फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अरे, प्यायलात का कुणी?"

"नाही रे, तुझीच वाट बघतोय. ये ना लवकर. काय झालं?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या विनोदासकट.