ऐकणारे सभासद

आमच्या वाचनालयात ज्याला एक अक्षर वाचता येत नाही असा माणूसही सभासद होऊ शकत असे. हे सांगितलं की आजची शिकलेली पोरं हसतात. हसा म्हणावं खुशाल. बीडच्या पेठेत, निजामाच्या अमलात, कचेरीतला कागद उर्दूत आणि चार इयत्तांपुढचं शिक्षणही उर्दूत. तिथं मराठी वाचणारी माणसं किती असणार? तेवढ्यांपुरतंच वाचनालय काढायचं तर ते माझ्या माजघरात मावलं असतं. म्हणून नियमांत एक कलम घातलं: वाचणारे सभासद आणि ऐकणारे सभासद, दोघांचा हक्क सारखा. घातलं मीच. मी चिटणीस होतो, खाजगी शाळेत मास्तर होतो, आणि कुणी 'असं कुठं असतं का हो' म्हणालं की ते करूनच दाखवायची मला खोड होती.

वाचनालय म्हणजे एक जुनं कापसाचं दुकान. आत दोन कपाटं, बाहेर रस्त्याला लागून ओटा. नगरकडून टपाल यायचं, त्यात पुण्याचं वर्तमानपत्र. आठवडी बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मोठ्यानं वाचायचो. बाजाराला आलेले धनगर घोंगडी टाकून बसत. समोरचा पिंजारी हातातलं काम थांबवून कान देई. ओट्यावर कुणी कुणाला 'तू तिकडं सरक' म्हणायचं नाही, हा माझा दुसरा नियम. तो कागदावर नव्हता, पण मोडून बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

ऐकणाऱ्यांत एक सालगडी होता. आमच्या अध्यक्षांच्याच शेतावर राबायचा. अध्यक्ष म्हणजे गावातले बडे जमीनदार, तहसीलदाराशेजारी खुर्ची मिळणारे. या सालगड्याचा धाकटा भाऊ मोठ्या लढाईत इंग्रजांच्या फौजेची खेचरं हाकायला समुद्रापार बसऱ्याला गेला होता. आधी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र यायचं, मग तेही बंद झालं. हा दर बाजारी यायचा, ओट्याच्या कडेला उकिडवा बसायचा आणि वाचन संपायच्या आत विचारायचा, "मास्तर, बसऱ्याचं काई हाय का?"

असलं तर वाचायचो. नसलं तर म्हणायचो, "आज न्हाई बाबा."

"बरं. फुडल्या बाजारी."

त्याचा भाऊ जिवंत आहे की नाही हे पुण्याच्या वर्तमानपत्रात छापून येणार नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं. पण भाऊ जिथं आहे तिथलं काहीतरी कानावर पडतं, एवढ्यासाठी तो भर उन्हात चालत यायचा. दुसरीकडं कुठं जाणार होता बिचारा?

मग वाळवी लागली. भिंतीतून कपाटात, कपाटातून पुस्तकांत. एक जाडजूड ग्रंथ उघडला तर वरची बांधणी शाबूत आणि आत नुसती माती. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू.

अध्यक्षांनी लगेच तोडगा काढला. त्यांच्या देवळाला लागून दगडी ओवरी होती, कोरडी ठणठणीत. "वाचनालय तिकडं न्या मास्तर. नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नको." समिती एकदम खूश झाली.

मी विचारलं, "आणि ऐकणारे कुठं बसतील?" कारण त्या देवळाची पायरी चढायला निम्म्या ऐकणाऱ्यांना मनाई होती. सालगड्याला होती, पिंजाऱ्याला होती.

"ते बसतील की भिंतीबाहेर," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही जरा मोठ्यानं वाचा, म्हणजे भिंतीपलीकडं ऐकू जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं करू," मी म्हणालो, "त्यांना आत बसवून मी वाचतो, आणि तुम्ही बसा भिंतीबाहेर. येतंय का ऐकू ते सांगा." समितीतले बाकीचे छताकडं बघायला लागले.

माझ्याकडं माझा नकाशा होता. पेठेतच एक पडीक तुकडा मिळत होता. तिथं आधी ऐसपैस ओटा बांधायचा, मग त्यावर छप्पर, आणि जमेल तेव्हा मागं खोली. तोवर पुस्तकं सभासदांनी आपापल्या घरी जपायची. एकानं कागद उलटासुलटा करून विचारलं, "यात वाचनालय कुठाय हो?" मी ओट्यावर बोट ठेवलं. तो हसला. हसला म्हणून मला आणखी चेव आला.

प्रश्न सगळ्या सभासदांच्या सभेपुढं टाकायचं ठरलं. अध्यक्ष काही कच्चे नव्हते. त्यांनी आपल्या शेतावरचे झाडून सगळे गडी रातोरात ऐकणारे सभासद करून टाकले. मी घातलेल्या कलमाची पाचर मलाच मारली! आणि सभा बोलावली ती त्याच ओवरीत.

तिथं मात्र ते फसले. सभेच्या दिवशी त्यांचे गडी आले आणि सवयीनं पायरीखालीच थांबले. जन्मभर जी माणसं खाली उभी राहिली, ती आज मतासाठी वर लागतील, हे अध्यक्षांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आत हात वर झाले तेव्हा शाळेतले बाकीचे मास्तर आणि किरकोळ दुकानदार माझ्या बाजूचे निघाले, आणि तेच जास्त भरले.

"बाहेरचे सगळे आमचेच आहेत," अध्यक्ष म्हणाले. "त्यांची मतं इकडं धरा."

"धरा? मतं म्हणजे काय शेरडं आहेत, कान धरून आणायला? ज्याचा हात त्यानं वर करायचा." एवढं बोलून मी पायऱ्या उतरलो. माझ्यामागून लोक उतरले.

"मास्तर! उघड्यावर जमाव करायला सरकारची इजाजत लागते!"

"मग द्या कोतवालीत वर्दी. सभा मोडली की तुमचा ठरावही मोडला. चालेल?"

चालणार नव्हतं. दात खात तेही उतरले आणि आपल्या गड्यांसमोर उभे राहून म्हणाले, "वाचनालय इथं यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. दोनचार हात भीतभीत वर जायला लागले.

तेवढ्यात सालगडी म्हणाला, "मालक, हितं आनलं तर आमी बसायचं कुठं?"

"इथंच. उभा आहेस तिथं."

"हितं कावून? थितं तर आमी मास्तराच्या जवळ बसतो."

वर निघालेले हात खाली आले. मग मी विचारलं, पेठेत कुणाला हवंय? पहिला हात सालगड्याचा वर गेला, मालकाच्या डोळ्यांदेखत. पाठोपाठ पिंजारी ओरडला, "मेरा बी लिखो मास्तर!" आणि मग हातच हात.

अध्यक्षांनी राजीनामा फेकला. आम्ही पुस्तकं घरोघर वाटली आणि पडीक तुकड्यावर दगड रचायला घेतले. ओटा कमरेएवढा झाला, वर नुसतं आभाळ. पुढच्या बाजारी मी तिथंच वाचायला बसलो.

सालगडी आला, पण एकटा नव्हता. मागं बायको होती, डोक्यावर बोचकं, त्यात भांडी वाजत होती.

"मालकानं साल मोडलं," तो म्हणाला. ज्वारीचा भाव सांगावा तसं म्हणाला.

पाडव्याला ठरलेलं साल पुढच्या पाडव्यापर्यंत मोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चोरी केलेल्या गड्यालाही लोक पाडव्यापर्यंत ठेवून घेत. याला एका हातासाठी काढलं होतं. "अरे, मग आता कसं रे?"

"चौसाळ्याकडं काम हाय म्हनत्यात. थितून लई लांब पडतंय, येनं होयाचं न्हाई. म्हनलं, जायाच्या आंदी ऐकून जावं."

त्यानं बोचकं खाली ठेवलं. आज कडेला बसला नाही, ओट्याच्या मधोमध, माझ्या गुडघ्याशी मांडी घालून बसला. बायकोलाही वर घेतलं.

"बसऱ्याचं आंदी वाचा, मास्तर."

बसऱ्याच्या मोजून तीन ओळी होत्या. अध्यक्षांच्या देवळाची भिंत तिथून फार लांब नव्हती. मोठ्यानं वाचा, भिंतीपलीकडं ऐकू जाईल, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि घशाच्या शिरा ताणून वाचलं.