पप्पांची स्कूटर आणि माझी भक्ती

हसायचंच असेल तर शेवटी हसा, मध्येच नको. आमच्या मुलुंडच्या कॉलनीत अर्धे लोक मला मारुतीचा भक्त समजतात. मला! भर सभेत उठून ज्याने सांगितलं होतं, की आमच्या क्रिकेटच्या पिचवर देऊळ बांधणाऱ्या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही!

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. प्रोफेसर झोपेत शिकवायचे, मग मी घरीच झोपलो तर काय बिघडलं? पप्पांचं मत वेगळं होतं. रोज जेवताना ते मत भाजीसोबत वाढलं जायचं.

जिन्याखाली त्यांची जुनी इटालियन स्कूटर पडली होती. लग्नाच्या वेळची. वर कांद्याची गोणी, डिकीत दरवर्षी मांजरीचं बाळंतपण.

"भंगारवाल्याला देतोय," एक दिवस पप्पा म्हणाले.

"कशाला? मी चालू करतो."

"तू? तुला सकाळी कोणी चालू करायचं ते आधी ठरव."

"आणि झाली तर?"

"दसऱ्यापर्यंत झाली तर तुझी. नाहीतर ती भंगारात आणि तू मामाच्या कारखान्यात. कांजूरमार्गला, खोके चिकटवायला."

झालं! भिडलो. कार्बोरेटर उघडला, आईच्या रॉकेलने धुतला, प्लग घासला. चावी कधीच हरवलेली, म्हणून स्विचच्या वायरीच तोडून टाकल्या. नुसती किक मारली की सुरू, झकास!

पप्पा जिन्यावरून म्हणायचे, "आधी ब्रेक बघ, मग इंजिन."

"तुमच्याच सल्ल्याने इतकी वर्षं बंद आहे ना ती?"

पप्पा घरात निघून गेले. मी खूश.

दसऱ्याच्या सकाळी कॉलनीभर गाड्यांना हार आणि हळदकुंकू. मी स्कूटर बाहेर चौकात ओढली. किक. किक. किक. पाय सुजायची वेळ आली, आणि एकदम फट्‌फट्‌फट्‌! धुराने पिचवरचं मारुतीचं देऊळ दिसेनासं झालं. मी बसलो, फर्स्ट गिअर टाकला, निघालो. राजा होतो हो मी!

किती वेळ? देवळाच्या पहिल्या वळणापर्यंत. तिथे क्लच दाबला आणि केबल तटकन तुटली. गिअरची मूठ फिरवतो तर ती फर्स्टमध्येच अडकलेली, हलेना; ॲक्सिलरेटरही तसाच. ब्रेक तर मी नंतर बघणार होतो. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ही चालू कशी करायची याचा मी महिनाभर विचार केला होता. बंद कशी करायची याचा एकदाही नाही!

गेटबाहेर मेन रोड, त्यावर ट्रक. आत मोकळी जागा एकच, देवळाभोवतीची. मग काय, फिरा!

दुसऱ्या फेरीला पाय घासून थांबवायला गेलो, चपला उडाल्या.

"अगो, बघ! अनवाणी प्रदक्षिणा!" देवळाचे अध्यक्ष सामंतकाका बायकोकडे बघून मालवणीत ओरडले. म्हणजे सभेत मी ज्यांची अक्कल काढली होती, तेच. "झिलाक बुद्धी इली गो!" पोराला अक्कल आली म्हणे!

"काका, बाजूला व्हा!" मी किंचाळलो.

लोक बाजूला झाले आणि हात जोडून उभे राहिले. सामंतकाकू मूठमूठ झेंडू फेकायला लागल्या. एक माझ्या तोंडात गेला. कोणीतरी घंटा बडवायला घेतली. काका मोठ्याने मोजत होते. "नऊ... दहा... अकरा! बस रे, झाल्या!"

मी कसला थांबतोय!

"एकवीसचा संकल्प दिसतोय," काका गहिवरले.

आई रडत होती. पप्पा मात्र गॅलरीत निवांत सुपारी कातरत उभे.

अखेर पेट्रोल संपलं. कुठे? बरोब्बर मारुतीसमोर! कॉलनीने असा जयजयकार केला की जिन्याखालची मांजरसुद्धा पिल्लं सोडून पळाली. काकांनी मला मिठी मारली. मी थरथरत होतो, त्यांना वाटलं भक्तीने.

गर्दी पांगल्यावर पप्पा खाली आले. वाकले आणि सीटखालचा छोटा खटका बोटाने फिरवला.

"पेट्रोलचा कॉक. हा बंद केला की थोड्या वेळात गाडी बंद. गाढवा."

"मग वरून ओरडायचं ना!"

"ओरडणारच होतो," पप्पा म्हणाले. "पण लोक तुला हात जोडत होते. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, बघून तरी घेऊ."

मी दातांत अडकलेली झेंडूची पाकळी काढली.

"स्कूटर तुझी," ते म्हणाले आणि गेले.

पुढच्याच महिन्यात सामंतकाकांनी नवी मोपेड घेतली. नारळ, हार घेऊन थेट आमच्या दारात. "तुझा हात चांगला रे झिला. पहिल्या प्रदक्षिणा तूच मार."

मागे पप्पा पेपरात तोंड खुपसून गदागदा हलत होते. मी काकांना नमस्कार केला, मोपेडला नमस्कार केला, आणि पहिला प्रश्न विचारला.

"काका, ही बंद कुठून होते?"